वाचलेल्या मैत्रिणींमधला संशय खरा कसा वाटेल?

तुमच्या कादंबरीत नागपूरच्या पाच मैत्रिणी रामटेकला जातात, खिंडसी तलावात नाव उलटते, दोघी बुडतात. वाचलेल्या तिघींमधला अविश्वास तरुण वाचकाला पटावा म्हणून त्यांतल्या एकीला खोटारडी करावं का, असं तुम्ही विचारलंय.

कृपया करू नका. मी इथे कॉलेजच्या मुलींसोबत समुपदेशक म्हणून काम करते. माझं ठाम मत आहे, तिघीही खरंच बोलत असतील तर गोष्ट जास्त जिव्हारी लागेल. जिवावर बेतलं की सगळं लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं, बाकीचं निसटतं. एकीला हातातून सुटलेली ओढणी लख्ख आठवेल, पण नावेत कोण कुठे बसलं होतं ते नाही. दुसरीला पाठीला बसलेला धक्का आठवेल, देणारी नाही. मधल्या रिकाम्या जागा मग इतरांचे प्रश्न भरतात. 1974 साली लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. प्रश्नात ‘धडकल्या’ऐवजी ‘चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचं क्रियापद आलं, तर लोक वेग जास्त सांगत. आठवड्यानंतर ‘चक्काचूर’ ऐकलेल्यांपैकी इतरांपेक्षा जास्त जणांना फुटलेल्या काचाही ‘आठवल्या’, ज्या फिल्ममध्ये नव्हत्याच. तुमच्या कादंबरीत एखादी काकू नुसतं म्हणू दे, “तिनंच तुझा हात सोडला ना गं?”

खोटं एकच ठेवा, तेही दयेपोटी. तेरवीला, बुडालेल्या एकीची आई वाचलेल्या एकीला स्वयंपाकघरात बाजूला घेते. “शेवटी काय म्हणाली गं माझी पोट्टी?” पोरगी काय सांगणार? “काकू, तुमचंच नाव घेतलं तिनं.” दाराशी उभ्या असलेल्या दुसरीला पक्कं माहीत असतं की ही त्या वेळी जवळपासही नव्हती. त्या क्षणापासून तिचा हिच्या कुठल्याच शब्दावर विश्वास बसत नाही, आणि आईला ते सांगायची हिंमतही होत नाही. नंतर फुटाळा तलावावर “तू काहून बोलली तसं?” एवढंच. भांडणात त्यांना पुस्तकी मराठी देऊ नका.

बाकीचं कथानक कायदाच पुरवतो. जबाबासाठी पोलिस कुठल्याही बाईला ठाण्यात यायची सक्ती करू शकत नाहीत, राहत्या घरीच यावं लागतं. म्हणजे तीन घरं, तीन जबाब: नागपुरातल्या महाल भागात आजी-आत्या कान लावून बसलेल्या, मानेवाड्यात एकटी आई, धरमपेठेत वडिलांनी आधीच वकील बोलावलेला. कुणी काय सांगितलं, दुसरीला पत्ता नाही. नावाड्यावर आरोपपत्र आलं की या जबाबांच्या नकला त्याला मिळतात. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, जी 1 जुलै 2024 पासून लागू आहे, पीडितेचा वकील असेल तर तिलाही मिळतात. म्हणजे बाकी दोघींनी आपल्याबद्दल काय सांगितलं, हे धरमपेठेतली सगळ्यात आधी वाचते. माझ्या मते तुमचा मध्यंतर इथे आहे.

धक्का कुणी दिला हे मात्र वाचकाला कळू द्या, थरारकथेत तेवढा त्याचा हक्कच आहे. कबुलीजबाब नको. उलटतपासणीत नावाड्याचा वकील ओढणीवालीचाच जुना जबाब तिच्यापुढे धरतो, विसंगती दाखवायला त्याला तो वापरता येतो, आणि त्याच्या एका प्रश्नावर तिला ओढणीच्या आधीचं आठवतं.