वडिलांच्या मागे राहिलेले बँकेचे, आधार-पॅनचे जुने कागद सुरक्षितपणे नष्ट कसे करायचे?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरातलं, शुक्रवार पेठेतलं जुनं घर पाडायला द्यायचंय. माळ्यावर दिवंगत वडिलांच्या कागदांच्या ट्रंका आहेत, खालच्या कपाटातले कागद २०१९ च्या पुरात भिजून चिकटलेत. रद्दीवाल्याला द्यायला मन धजत नाही, म्हणून परड्यात जाळले तर चालतील का, असं विचारलंय. मी कोल्हापुरातच एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात नोकरी केली आहे. लोकांचे असेच कागद रोज हाताखालून जायचे, त्यावरून सांगतो.

जाळू नका. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्येच बंदी घातली आहे, दंड ५,००० रुपये. शिवाय कागदाचा दाबलेला गठ्ठा नीट जळत नाही. कडा करपतात, मधली पानं तशीच राहतात आणि अर्धवट जळालेला कागद वाऱ्यानं शेजाऱ्याच्या दारात जातो. लॅमिनेशनचा धूर तर घशाला आणि छातीला वाईटच.

पण मला जास्त काळजी वेगळ्या गोष्टीची वाटते. कागद नष्ट करणं सोपं आहे, पण घर पाडायच्या घाईत ठेवायला हवा तोच कागद नष्ट होणं त्याहून सोपं आहे. म्हणून आधी निवड करा, आणि ती घरातल्या जाणत्या माणसाला शेजारी बसवून करा. तुमच्या आई असतील तर त्यांनाच बसवा. कुठली पावती कशाची, हे त्यांना जेवढं आठवेल तेवढं कुणाला आठवणार नाही.

खरेदीखत, वाटणीपत्र, जुने फेरफार (जमिनीच्या मालकीबदलाच्या नोंदी), सातबारा, मालमत्ता पत्रक हे कितीही जीर्ण असले तरी ठेवायचे. कर्ज फिटल्याचा बेबाकी दाखला तर आवर्जून शोधा. पीक कर्ज किंवा पाईपलाईनचं कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात संस्थेचा बोजा तसाच राहिलेला असतो. तो उतरवायला हाच कागद लागतो. साखर कारखान्याचा शेअर दाखला आपल्या भागात घरोघरी असतो. तो दाखवून वारसाच्या नावावर करून घ्यायचा असतो. कंपन्यांचे जुने कागदी शेअर्सही टाकू नका. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर्सचं हस्तांतर बंद झालं, त्यांची किंमत संपलेली नाही. एलआयसीची बंद पडलेली पॉलिसी दिसली तर किती वर्षं हप्ते भरलेत ते बघा. पुरेसे हप्ते भरलेले असतील तर काही रक्कम मिळते.

जुनी पासबुकंही अशीच. बँकेत १० वर्षं पडून राहिलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते, पण वारसांचा हक्क जात नाही. २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं 'उद्गम' नावाचं पोर्टल सुरू केलं, तिथं वडिलांच्या नावानं शोध घ्या. पतसंस्थांच्या ठेवी तिथं दिसत नाहीत. त्यासाठी पासबुक घेऊन संस्थेतच जावं लागतं.

आता एक कळकळीची विनंती. आजोबा-पणजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले, जन्म-मृत्यू नोंदीचे उतारे, मोडी लिपीतले कागद यातला एकही कपटा टाकू नका. जात पडताळणीत इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे मागतात. घरात मुलं शिकत असतील तर पुढं हा कागद सोन्याच्या मोलाचा ठरतो. मोडी वाचता येत नाही म्हणून ते निरुपयोगी समजू नका. वाचणारे लोक कोल्हापुरात आहेत, त्यांच्याकडून लिप्यंतर करून घ्या.

प्राप्तिकराचं थोडक्यात: नोटीस किंवा अपील चालू नसेल तर आठ वर्षांपूर्वीची विवरणपत्रं आणि त्यांच्या पावत्या काढून टाकायला हरकत नाही. घराच्या खरेदीचे आणि बांधकामाच्या खर्चाचे कागद मात्र मालमत्ता विकेपर्यंत लागतात.

राहिलं ते नष्ट करायचं. तेही सगळं नाही. कर्ज विभागात बसून मी एवढं बघितलंय की दुसऱ्याच्या नावावर कर्ज काढायला फोटो, आधार, पॅन आणि सहीचा नमुना लागतो. तेव्हा पानावर सही, फोटो, खाते क्रमांक किंवा आधार-पॅन असेल तेवढा तुकडा फाडून बाजूला काढा, उरलेला कोरा किंवा निरुपद्रवी भाग रद्दीत जाऊ दे. झेरॉक्सवर सही करून 'खरी प्रत' लिहिलेलं असेल तर अख्खं पान काढा. न वापरलेले चेक, पगाराच्या स्लिपा, दवाखान्याचे रिपोर्ट, पिनची पाकिटं हेही पूर्ण नष्ट करायचं. ट्रंकाभर कागदातून शेवटी बादलीभरच उरतं.

त्या तुकड्यांच्या स्टेपलर पिना काढा, बारीक फाडा आणि रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी हातानं चांगलं मळा. बॉलपेनची शाई पाण्यात सहज जात नाही, म्हणून फाडणं आणि मळणं दोन्ही हवं. लगदा झाला की पिळून गोळे वाळवा. पूर्वी घरोघरी मेथ्या घालून याच लगद्यानं टोपल्या लिंपायचे. आई असतील तर त्यांना सांगायलाही नको. लगदा गटारात ओतू नका, तुंबेल. पंचगंगेत तर अजिबात नाही. लॅमिनेट केलेले कागद आणि एटीएम कार्डं भिजत नाहीत, ती कात्रीनं कापा. कार्डाची चिप आणि मागची काळी पट्टी दोन्हीवरून कात्री गेली पाहिजे. एटीएमच्या गुळगुळीत स्लिपा लगद्यात घालू नका, फाडून कचऱ्यात टाका. श्रेडर (कागद कापायचं यंत्र) आणायचा झाला तर आडवे-उभे तुकडे करणारा आणा. नुसत्या लांब पट्ट्या जुळवता येतात.

पुरात चिकटलेले गठ्ठे ओढून सोडवू नका. वरून काय आहे ते बघा, जमिनीचे किंवा वर जपायला सांगितलेले इतर कागद असतील तर सावलीत वाळू द्या. नोंदणीकृत खरेदीखत वाचण्यापलीकडं गेलं असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते. बाकीचे सरळ बादलीत.

याआधीच काही कागद रद्दीत गेल्याची शंका असेल तर 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर स्वतःच्या नावावर किती सिम आहेत ते बघा, कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसारख्या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा मोफत मिळणारा अहवाल काढा, आणि भलतंच कर्ज दिसलं तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

वडिलांचं मूळ पॅन आणि आधार मात्र सगळ्यात शेवटी. त्यांचं शेवटचं विवरणपत्र, बँकांचे दावे, गाडीचं हस्तांतर आणि तलाठ्याकडची वारसनोंद पूर्ण होईपर्यंत ते जपून ठेवा, मग कापा.