बंदी घातलेले हिंसक भयपट प्रत्यक्षात पाहिल्यावर इतके सौम्य का वाटतात?

कारण पाहण्याआधीच आपण मनात त्याहून भयंकर सिनेमा रंगवलेला असतो. 'बंदी घातलेला' हा शिक्का कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त काम करतो.

'द टेक्सास चेन सॉ मॅसकर' (1974) याच चित्रपटाचं बघा. ब्रिटनच्या सेन्सॉर मंडळाने त्याला 1975 मध्ये प्रमाणपत्र नाकारलं आणि 1999 मध्ये एकही कट न देता मंजूर केलं. मधल्या काळात लोकांच्या कल्पनेत तो रक्ताचा पूर झाला होता. प्रत्यक्षात त्यात रक्त फार थोडं आहे. मुलीला मांसाच्या आकड्याला टांगतात त्या प्रसंगात आकडा पाठीत घुसताना दिसतच नाही. दिसतो तिचा चेहरा आणि खाली ठेवलेला टब. जखम आपणच मनात पूर्ण करतो. म्हणून तर सेन्सॉरला कात्री कुठे चालवायची हा प्रश्न पडतो; दहशत एखाद्या शॉटमध्ये नसते, ती आवाजात आणि वातावरणात मुरलेली असते.

1980 च्या दशकात ब्रिटनमध्ये 'व्हिडिओ नॅस्टी' (घरी बघायच्या व्हिडिओ कॅसेटवरचे ओंगळ, हिंसक सिनेमे) म्हणून ज्या चित्रपटांच्या याद्या निघाल्या, त्या पुढे चाहत्यांसाठी 'हे बघायलाच हवं' अशा याद्या झाल्या. त्यातले बरेचसे अगदी टुकार आहेत, हे मी मनापासून सांगतो. बंदी नसती तर ते कधीच विसरले गेले असते.

एक मात्र तपासा: तुम्ही पाहिलेली आवृत्ती पूर्ण होती का? कापलेल्या प्रतीत प्रसंग मध्येच तुटतो, ताण सुटतो आणि खापर दिग्दर्शकावर फुटतं. चित्रपटाची पूर्ण लांबी शोधून ती आपल्या प्रतीशी ताडून पाहा. शक्य असेल तर ट्रेलर न बघता, रात्री एकट्याने बघा.