आईचा ७ मिमीच्या कल्चर्ड (शिंपल्यात मुद्दाम वाढवलेल्या) मोत्यांचा एकेरी सर सैल झालाय. दुकानदार नायलॉनवर ओवा म्हणतो. रेशमावर गाठी मारून घरी ओवता येईल का, की नायलॉन बरं?

घरी नक्की जमेल. तुमचा सर एकेरी आहे, ७ मिमीच्या कल्चर्ड मोत्यांचा आहे, म्हणजे शिकायला अगदी योग्य. मी माळा गाठवून देते, म्हणून आधी नायलॉनबद्दल सांगते, कारण दुकानदाराने तुम्हाला तेच सुचवलंय. नायलॉन टिकतं, पण त्यावर सर ताठ राहतो, गळ्यावर नीट पडत नाही. मोत्याला रेशीमच हवं. मोती किती मऊ असतो याची आपल्याला कल्पना नसते. मोहस मापावर त्याचा कडकपणा २.५ ते ४.५ भरतो, म्हणजे काचेपेक्षाही कमी. शेजारचे मोती एकमेकांवर घासत राहिले की भोकाची कड झिजते आणि वरचा थर तिथूनच सुटायला लागतो. मधली गाठ मुख्यतः त्यासाठी असते. सर तुटला तर सगळे मोती घरभर होत नाहीत, हा फायदा आहेच.

जुना दोरा कापण्याआधी सराचा फोटो काढा. मोती मधे मोठे आणि टोकांना बारीक असतील, तर टॉवेलच्या घडीत त्याच क्रमाने मांडून ठेवा.

रेशीम कार्डावर गुंडाळलेलं मिळतं, दोन मीटरचं, एका टोकाला तारेची सुई जोडलेलीच असते. पुण्यात रविवार पेठेत, मुंबईत भुलेश्वरला सहज मिळेल. तुमच्या मोत्यांना बहुधा ४ नंबर (०.६० मिमी) लागेल, पण नंबरापेक्षा भोकावर भरवसा ठेवा. दोरा भोकात जेमतेम मावेल असा हवा. बारीक घेतलात तर गाठच भोकात शिरते आणि सगळी मेहनत वाया जाते. रेशीम ताणलं जातं, म्हणून दोरा उलगडून त्याला हलकंसं वजन बांधून रात्रभर टांगून ठेवा.

आता गाठ. साधी, एकच. मोती ओवून आधीच्या गाठीला भिडवा. दोऱ्याचा सैल फास करून अख्खा ओवलेला भाग त्यातून काढा. फास आवळण्याआधी त्यात एक जाड सुई घाला आणि सुईनेच तो मोत्यापर्यंत सरकवत न्या. गाठ मोत्याला टेकली की अंगठ्याचं नख मागे लावा, सुई हळूच काढा आणि त्याच क्षणी नखाने गाठ मोत्याकडे ढकला. दोरा ओढून गाठ आवळायला जाऊ नका, ती वाटेतच बसते, आणि रेशमाची बसलेली गाठ सोडवताना दोऱ्याला तूस येतं. सगळं कसब या ढकलण्यात आहे. ते हाताला कळेपर्यंत साध्या प्लॅस्टिकच्या मण्यांवर सराव करा, आईच्या मोत्यांवर नको.

गाठींमुळे लांबी वाढते हे लक्षात असू द्या. एक गाठ पाऊण-एक मिलिमीटर जागा घेते, म्हणजे साठ मोत्यांचा सर पाच सेंटीमीटरच्या आसपास वाढतो. गळ्याशी हवा असेल तर काही मोती बाजूला काढा आणि जपून ठेवा.

सर तुटतो तो बहुतेक वेळा फाशाजवळ, म्हणजे सर गळ्यात अडकवायच्या आकड्याजवळ. त्यामुळे टोकाचे तीन मोती गाठीशिवाय ओवा, मग बारीक स्प्रिंगसारखी सोनेरी तार आणि फाशाची कडी घाला. दोरा टोकाच्या मोत्यातून परत आणून गाठ मारा, पुढच्या दोन मोत्यांतही तसंच करा. दुसरं टोकही असंच. म्हणजे या मोत्यांतून दोरा दोनदा जातो. जात नसेल तर तेवढीच भोकं सोनाराकडून किंचित मोठी करून घ्या. शेवटच्या गाठीवर सुईच्या टोकाने गोंदाचा थेंब लावा, वाळल्यावर दोरा कापा.

अत्तर, स्प्रे आधी, मोती सगळ्यांत शेवटी. काढल्यावर मऊ फडक्याने पुसा आणि आडवाच ठेवा, खिळ्याला टांगू नका. सर धुऊ तर अजिबात नका, ओलं रेशीम सैल पडतं. मोती आणि गाठ यांच्यात फट दिसू लागली किंवा गाठी काळवंडल्या की पुन्हा ओवायची वेळ झाली. नेहमी वापरात असेल तर वर्ष-दोन वर्षांनी ती येतेच.

घरात जुन्या बसरा (आखातातल्या नैसर्गिक) मोत्यांचा तन्मणी किंवा चिंचपेटी असेल तर मात्र हात लावू नका. त्यांची भोकं फार बारीक असतात, तिथे हे रेशीम चालत नाही. ते काम दागिने ओवणाऱ्या जाणत्या पटवेकऱ्याकडेच द्या, आणि देताना मोती मोजून द्या.