मॉडेलच्या प्रेमाची गोष्ट कोणत्या चित्रपटाने खरी सांगितली?

व्यसनाने उद्ध्वस्त झालेल्या फॅशन मॉडेलचे आयुष्य आणि तिचे प्रेमसंबंध कोणत्या चित्रपटात प्रामाणिकपणे आले आहेत, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर ‘जिया’ असे आहे. मायकेल क्रिस्टोफर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९९८ साली एचबीओ वाहिनीवर दाखवण्यात आला आणि त्यात अँजेलिना जोली हिने प्रमुख भूमिका केली.

फिलाडेल्फियात १९६० साली जन्मलेली जिया कॅरंजी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमधील आघाडीची मॉडेल झाली, हेरॉइनच्या आहारी गेली आणि १९८६ साली, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, एड्सने मरण पावली. एवढ्या तपशिलावर कोणीही अधःपतनाची कथा रचू शकला असता. हा चित्रपट मात्र तिची भूक कशाची होती हे शोधत राहतो. लहानपणीच घर सोडून गेलेली आई, तिला घडवणारी आणि १९८० साली कर्करोगाने गेलेली एजंट विल्हेल्मिना कूपर, आणि जिच्यावर ती जीव टाकते ती रंगभूषाकार लिंडा, या तिघींकडे जिया एकच मागणे घेऊन जाते: मला सोडून जाऊ नकोस. जाळीच्या कुंपणामागच्या त्या प्रसिद्ध छायाचित्रणात लिंडालाही चौकटीत ओढले जाते आणि दोघींची जवळीक कॅमेऱ्यासमोरच सुरू होते. इथे दोन स्त्रियांचे प्रेम व्यसनाचे कारण म्हणून किंवा पापाचे चिन्ह म्हणून येत नाही, आणि हे मला फार मोलाचे वाटते. नग्नतेचा सोस मात्र चित्रपटालाही पुरता आवरलेला नाही.

विल्हेल्मिनाची भूमिका फे डनवे यांनी केली आहे. जेरी शॅट्झबर्ग यांच्या १९७० सालच्या ‘पझल ऑफ अ डाउनफॉल चाइल्ड’ मध्ये डनवे स्वतःच एका खचलेल्या मॉडेलच्या भूमिकेत होत्या. शॅट्झबर्ग स्वतः फॅशन छायाचित्रकार होते, आणि तिथे नायिका आपल्या आठवणी एका छायाचित्रकारालाच सांगते. त्या आठवणींतले खरे किती आणि रचलेले किती, हे अखेरपर्यंत उलगडत नाही. शक्य असेल तर तोही अवश्य पाहावा.

आपल्याकडचा मधुर भांडारकर यांचा ‘फॅशन’ (२००८) या दोन्हींच्या तुलनेत मला उणा वाटतो. कंगना राणावत हिची शोनाली हृदयाला भिडते, तिला आणि प्रियांका चोप्रा हिला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. पण तिथे प्रियांकाने साकारलेल्या नायिकेचे संबंध म्हणजे घसरणीच्या पायऱ्या आहेत. नशेत घालवलेल्या रात्रीनंतर ती एका अनोळखी कृष्णवर्णीय पुरुषाशेजारी जागी होते, आणि त्याचा वर्णच जणू तिच्या अधोगतीचा तळ म्हणून दाखवला जातो. तो प्रसंग मला आजही अस्वस्थ करतो, कारण नायिकेच्या दुःखाचे माप म्हणून दुसऱ्या माणसाचा अपमान वापरण्याची दिग्दर्शकाला काहीच गरज नव्हती.