चादरीची नक्षी माझी, मग मालकी कारखान्याची कशी?

तुम्ही विचारलंय की सोलापुरातल्या यंत्रमाग कारखान्यासाठी चादरीचं डिझाइन तुम्ही काढलं, चादरीवर नाव मात्र कारखान्याचं विणलं जातं. कायदा सगळ्यांना सारखा असताना असं का?

कायदा सारखा लागू होतो, पण तो कोरा नसतो. कोणाच्या कष्टाला हक्क म्हणायचं आणि कोणाच्या कष्टाला नुसती मजुरी, हे ठरवूनच तो लिहिलेला असतो. मी इथे सोलापुरात वकिली करतो. शहराच्या पूर्व भागातले कारखानदारही माझ्याकडे येतात आणि डिझायनरही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा तुम्ही कविता लिहिलीत. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ प्रमाणे तुम्ही सगळे हक्क विकून टाकलेत तरी कवी म्हणून नाव सांगण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो. लेखक आणि कृती यांचं नातं पैशाने तुटत नाही, ही फ्रान्समध्ये रुजलेली श्रद्धा त्यामागे आहे. तोच हात चादरीवर मोर काढतो तेव्हा मात्र डिझाइन कायदा, २००० लागू होतो. त्यात मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी डिझाइन काढलं, तर मालक तो दुसरा. कलम ५७ सारखं काही त्यात नाहीच. आणि नोंदणीच केली नसेल तर? मग कॉपीराइट कायद्याप्रमाणे मालकाने किंवा त्याच्या परवानगीने यंत्रावर ५० पेक्षा जास्त नग काढले की त्या नक्षीतला कॉपीराइट संपतो. म्हणजे ५१ वी चादर मागावरून उतरली की हक्क गेला.

मला याची चीड येते. मोराच्या पिसाऱ्यातला एकेक डोळा आलेखाच्या कागदावर चौकोन भरत काढावा लागतो. त्यावरून जॅकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राचे, पुठ्ठ्याचे पत्ते पंच होत. भोक असेल तिथला ताण्याचा (उभा) धागा उचलला जाई. आता पेन ड्राइव्ह आला, तरी कुठला धागा कधी उचलायचा हे ठरवायला माणूसच लागतो. ही कला नाही तर काय? पण जे ढिगाने विकलं जातं त्याला कारागीर नसतो, मालक असतो, असं मानणाऱ्यांनी कायदा लिहिला.

सोलापुरी चादरीचं भौगोलिक मानांकन, म्हणजे गावाच्या नावाने मालाला मिळणारी कायदेशीर ओळख, वेगळ्या विचारावर उभं आहे. १९९९ च्या त्या कायद्यात नाव सगळ्या उत्पादकांचं सामाईक. ते विकता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. मात्र तिथेही ‘उत्पादक’ या व्याख्येत माल बनवणाऱ्याच्या जोडीला त्याचा व्यापार करणारा बसवलाय, नक्षी काढणाऱ्याचा वेगळा उल्लेख नाही.

संस्था कुठली काढायची, यामागेही असेच दोन वेगळे विचार आहेत. कंपनीत भागांप्रमाणे (शेअर्सप्रमाणे) मतं, सहकारी संस्थेत सभासदाला एकच मत. चार डिझायनरांनी एकत्र येऊन डिझाइनं सांभाळायची असतील तर मी सहकारी संस्थाच सुचवेन.

तुमच्यापुरतं सांगायचं तर ऑर्डरशिवाय स्वतःहून काढलेल्या डिझाइनचे मालक तुम्हीच. ते कोणालाही दाखवण्याआधी आपल्या नावाने नोंदवा. संरक्षण १० वर्षं मिळतं, पुढे ५ वर्षं वाढवता येतं. मग कारखान्याला वापरायचा परवाना द्या, तोही लेखी. ऑर्डरवर किंवा नोकरीत काढत असाल तर लेबलवर डिझायनर म्हणून तुमचं नाव येईल, एवढी अट करारात किंवा नेमणुकीच्या पत्रात घालून घ्या. दर थोडा कमी घ्यावा लागला तरी ही अट सोडू नका.