पाणी आणि फॉल्ट: कोण कोणाला हलवतं?

प्रश्न: जमिनीत खोलवर पाणी सोडलं की भूकंप होतात असं वाचलं. म्हणजे फॉल्टमधला (जिच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात अशा खोल भेगेतला) खडक ओला होऊन बुळबुळीत होतो आणि घसरतो, असंच ना? आणि भूकंपानंतर कुठे झरे आटतात, कुठे नवे फुटतात, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

उत्तर: संबंध आहे, अगदी जवळचा. पण आधी ते बुळबुळीतपणाचं डोक्यातून काढून टाका, कारण इथेच बहुतेकांची गाडी चुकीच्या रुळावर जाते. चिकणमाती सोडली तर बहुतेक खडकांचं घर्षण ओलं झाल्यानं फारसं बदलत नाही. खरं काम करतो तो पाण्याचा दाब.

असं बघा, ५ किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाच्या वजनानं जो दाब येतो तो हवेच्या दाबाच्या साधारण १३०० पट असतो, आणि तिथल्या भेगांमधलं पाणी वरपर्यंत जोडलेलं असेल तर त्या पाण्याचा स्वतःचा दाब सुमारे ५०० पट. फॉल्टच्या दोन बाजू एकमेकींवर दाबलेल्या असतात, पण मधलं पाणी त्यांना आतून बाहेर रेटत असतं, त्यामुळे घर्षणाच्या वाट्याला येतो तो फक्त उरलेला दाब. आता पाण्याचा दाब वाढवा. फॉल्टला सरकवणारा ताण जिथल्या तिथे आहे, पण पकड ढिली पडली, आणि फॉल्ट आधीच सरकायच्या बेतात असेल तर थोडासा वाढीव दाबसुद्धा पुरतो. हबर्ट आणि रूबी या भूवैज्ञानिकांनी १९५९ मध्ये हे नीट मांडून दाखवलं.

लगेच त्याची प्रचितीही आली. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरजवळ सैन्याच्या रसायन कारखान्याचं सांडपाणी १९६२ पासून साडेतीन किलोमीटरपेक्षा खोल विहिरीत सोडायला लागले आणि थोड्याच दिवसांत जमीन हलायला लागली. १९६६ च्या फेब्रुवारीत पाणी सोडणं बंद केलं, पण सगळ्यात मोठे धक्के बसले १९६७ मध्ये! मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण नळ बंद केला म्हणून खाली सोडलेल्या पाण्याचा दाब तिथल्या तिथे थांबत नाही, तो भेगाभेगांतून पसरत राहतो आणि विहिरीपासून लांबच्या फॉल्टपर्यंत सावकाश पोचतो. मोठ्या जलाशयांचंही तसंच, पाण्याचं वजन खालच्या खडकाला लगेच जाणवतं पण दाब झिरपत खोल जायला महिने किंवा वर्षं लागतात, कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप जगभर याच संदर्भात अभ्यासला जातो. नंतर कोलोरॅडोतल्याच रँगेली तेलक्षेत्रात शास्त्रज्ञांनी मुद्दाम दाब वाढवून आणि कमी करून पाहिलं, तर धक्केही त्याप्रमाणे वाढले आणि कमी झाले.

आता उलटी बाजू, तुमच्या झऱ्यांची. ताणसुद्धा पाण्याची वाट ठरवतो. फॉल्ट म्हणजे एकच चीर नसते, मधे दळून दळून बारीक झालेला मातकट गाभा असतो, ज्यातून पाणी जवळजवळ जात नाही, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तडे गेलेल्या खडकाचा पट्टा असतो, ज्यातून ते सहज वाहतं. म्हणून एकच फॉल्ट पाण्याला आडवा बांध घालतो आणि लांबीच्या दिशेनं रस्ताही देतो. त्यातही सगळे तडे सारखे नाहीत. जे तडे सरकायच्या बेतात असतात तेच जास्त पाणी वाहून नेतात असं खोल विहिरींमधल्या मोजमापांवरून दिसलंय, कारण खडबडीत पृष्ठभाग जरासे सरकले की उंचवट्यावर उंचवटा येतो आणि मधे फट राहते. कालांतराने क्वार्ट्झ किंवा कॅल्साइटसारखी खनिजं साचून या फटी बुजतात, खाली दाब परत वाढत जातो, भूकंपात फॉल्ट फाटतो, पाणी वर उसळतं, आणि पुन्हा बुजणं सुरू. सिबसन या भूवैज्ञानिकांनी याला फॉल्टचा व्हॉल्व्ह म्हटलंय. सोन्याच्या अनेक खाणींतल्या क्वार्ट्झच्या शिरा थरावर थर साचलेल्या दिसतात त्या यामुळेच. जपानमध्ये मात्सुशिरोला १९६५ पासून दोनेक वर्षं धक्क्यांचा नुसता पाऊस पडत होता आणि तेव्हा जमिनीतून खारट पाणी मोठ्या प्रमाणात बाहेर आलं. मात्र झरे बदलण्यामागे दरवेळी फॉल्टच असतो असं नाही, नुसत्या हादऱ्यानं उथळ जमिनीतल्या भेगा मोकळ्या झाल्या तरी पाण्याची वाट बदलते.

प्रश्न: मग थोडं थोडं पाणी सोडून छोटे भूकंप घडवायचे आणि मोठा टाळायचा, हे का करत नाहीत?

उत्तर: हिशोब जुळत नाही हो. तीव्रता एका अंकानं वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, म्हणजे ६ तीव्रतेच्या एका भूकंपाची ऊर्जा बाहेर काढायला ४ तीव्रतेचे साधारण हजार भूकंप घडवावे लागतील. शिवाय सुरू झालेलं सरकणं कुठे थांबेल ते आपण ठरवत नाही, तो फॉल्टवर आधीच साठलेला ताण ठरवतो. दक्षिण कोरियात पोहांगला भू-औष्णिक (जमिनीतल्या उष्णतेवर चालणाऱ्या) प्रकल्पासाठी पाणी सोडलं होतं, ते थांबवल्यावर दोनेक महिन्यांनी, १५ नोव्हेंबर २०१७ ला, ५.५ चा भूकंप झाला, माणसं जखमी झाली, आणि तो त्या पाण्यामुळेच सुरू झाला असा निष्कर्ष सरकारनं नेमलेल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये काढला.