टर्बोच्या ऑइलचा रिटर्न पाईप चेंबरला (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला) नेमका कुठं जोडायचा? ड्रेन प्लगला (ऑइल काढायच्या बुचाला) जोडला तर चालतं का?

ड्रेन प्लगला नका जोडू दादा. तुम्ही लिहिलंय की जुन्या बिगर टर्बोच्या ट्रॅक्टरला भंगारातून आणलेला टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) बसवायलोत, आन् मेकॅनिक म्हणायलाय की चेंबर उतरवायची झंझट कशाला, ड्रेन प्लग काढून तिथं टी (तीन तोंडाचा जोड) टाकू आणि रिटर्न तिथंच सोडू. ऐकायला एकदम सोपं वाटतं. मी पण हेच केलतं, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरला, ऐन सीझनमधी. दोन कार्ट्रेज (टर्बोचा शाफ्ट-बुशसकट मधला भाग) बदलून झाले, टर्बोवाल्याशी भांडण झालं, आन् शेवटी दोष निघाला आपल्याच पाईपाचा.

माझ्या डोक्यात तवा असं होतं की ऑइल पंप तीन-चार बारनं ऑइल टर्बोला पाठवायलाय, तर तेच प्रेशर पुढं रिटर्नमधून चेंबरपर्यंत ढकलत नेईल. तसं होतच नाही. बुशच्या बारीक फटीतून निघता निघता ते प्रेशर संपून जातं. शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे मारतो, त्यात ऑइल घुसळून हवा मिसळते, ताकावर फेस येतो तसा फेस होतो. आता हा फेस खाली उतरायचा तो फक्त स्वतःच्या वजनानं, मागून कुणी ढकलत नसतं. माळवदाच्या घराचं पन्हाळ बघितलं असेल तुम्ही, पुढं थोडं उचललेलं असलं किंवा तोंडाशी कचरा असला की पाणी मागं फिरतं आन् भिंत भिजते. इथं बी तसंच, फक्त भिंतीऐवजी टर्बो.

कारण टर्बोत आपल्या व्हील हबसारखं रबरी ऑइल सील नसतं. पिस्टनच्या रिंगेसारखी बारकी रिंग असते दोन्ही टोकांना, ती मुख्यतः गॅस आणि हवा आत येऊ नये म्हणून असते. मधल्या बॉडीत ऑइल साचलं की ती रिंग काही ते अडवत नाही, एकीकडून सायलेन्सरमधी जातं, निळा धूर, आणि दुसरीकडून हवेच्या पाईपात. धूर परवडला पण हवेच्या पाईपातलं ऑइल वाईट, कारण डिझेल इंजिन ते ऑइल जाळून आपोआप पळत सुटू शकतं, स्टॉपर ओढला तरी बंद होत नाही, हवेचं तोंड फळीनं दाबावं लागतं (हात लावू नका). माझं तिथपर्यंत गेलं नाही, पण रात्री कारखान्याच्या रांगेत आयडलवर उभं राहिलं की निळ्या धुराचं धुकं व्हायचं, मागचे ड्रायव्हर शिव्या द्यायचे.

आता ड्रेन प्लगचं बघा. तो चेंबरच्या तळाला, म्हणजे त्याच्यावर सगळ्या ऑइलचा थर. तिथं जोडलेल्या पाईपात ऑइल चेंबरच्या लेव्हलएवढं कायम उभंच राहणार, वरून आलेल्या फेसाला त्याच्यातून बुडी मारून जायचंय, तो जाईल कशाला. म्हणून रिटर्नचं तोंड ऑइलच्या लेव्हलच्या वर पायजे, एवढी एक गोष्ट सांभाळली की बाकीचं थोडं इकडंतिकडं चालून जातं.

लेव्हल बाहेरून कळायची कशी? ही युक्ती मला एका गवंड्यानं दिली. ऑइल काढून ड्रेन प्लगच्या जागी निप्पल टाका, त्याला गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी लावा, नळीचं दुसरं टोक वर उघडं बांधा, मग ऑइल डिपस्टिकच्या वरच्या मार्कपर्यंत भरा. ट्रॅक्टर सपाट जागेवर पायजे. थोडा वेळ थांबा, ऑइल जाड असतं, नळीत हळूहळू चढतं. नळीत जिथं थांबलं तीच आतली लेव्हल, तिथं चेंबरवर खडूनं रेघ मारा. आमच्या ट्रॅक्टरची रेघ चेंबरच्या वरच्या पॅकिंगपासून जेमतेम चार बोटं खाली निघाली, मला वाटलं होतं बरंच खाली असेल. रेघेच्या वर निदान दोन बोटं सोडून भोक घ्या, कारण बांधावर चढताना ट्रॅक्टर वाकडा होतो आन् एका बाजूची लेव्हल वर येते.

पुढचा घोळ असा की बऱ्याच ट्रॅक्टरांचं चेंबर पत्र्याचं नसतं, बीडाचं ओतीव असतं आन् त्याच्यावरच पुढचा अर्धा ट्रॅक्टर तोललेला असतो. त्याला साधं वेल्डिंग करू नका, तडा जातो. तिथं भोक पाडून आटे पाडा, तेबी भिंत जाड असेल तिथंच. किंवा ब्लॉकच्या बाजूला कुठं जुन्या डिझेल पंपाची बंद केलेली पट्टी, नाहीतर टॅपेट कव्हर असंल तर त्याच्यात निप्पल बसवा, चेंबरला हात लावायची गरजच नाही. कंपनीतून टर्बो लागून येणाऱ्या बऱ्याच इंजिनांत रिटर्न ब्लॉकमधीच सोडलेला असतो. पत्र्याचं असंल तर उतरवा, डिझेलनं, मग साबणाच्या गरम पाण्यानं धुवा, वाळवा, मगच वेल्डिंग. गाडीखाली झोपून ड्रिल मारायचा शहाणपणा नको, बुरादा आत पडला की बेअरिंग खलास. वेल्डिंग झाल्यावर बाहेरून जोडावर खडू घासा, आत रॉकेल नाहीतर डिझेल ओता आन् चहा पिऊन या. पांढऱ्या खडूवर ओला डाग दिसला की गळती. मला पहिल्या खेपेला दोन डाग दिसले होते, वेल्डर म्हणत होता एकदम पॅक आहे.

निप्पल आत जास्त घुसला नाही ना बघा, क्रँक हातानं दोन फेरे फिरवून. क्रँकचे वजन बरोबर त्याच्यासमोर येत असतील तर ते ऑइल पाईपातच मारतील, मग आत तोंडावर छोटी पत्र्याची पाळी लावतात किंवा जागा थोडी सरकवतात.

पाईपाचं आतलं भोक निदान अर्धा इंच, मी तर 16 ते 19 एम.एम. घेतो. पाईप जाड घेऊन त्याला बारीक एल्बो लावला तर सगळं पाण्यात, कारण सगळ्यात अरुंद जागा जेवढी तेवढंच ऑइल उतरणार. रिटर्नला बँजो बोल्ट (ऑइल ज्याच्या बारीक भोकातून जातं तो पोकळ बोल्ट) कधीच नको. टर्बोच्या फ्लँजला पॅकिंग टाका, सिलिकॉन चोपडू नका, ते दाबून आत येतं आन् अर्धं भोक बुजवतं.

टर्बोचं रिटर्नचं तोंड सरळ खाली पायजे. बोल्ट ढिले करून मधली बॉडी फिरवता येते, ओळंबा सोडून बघा, ओळंब्यापासून 35 अंशाच्या आत असू द्या. तिथून खाली सलग उतार, मधी कुठं झोका नाही, उलटा चढ नाही. ड्रेन प्लगवरून काढून मी नवीन जागी जोडला तवाच हा घोळ केला होता: पाईप लांब झाला म्हणून कापला नाही, चेसीसखालून वळसा देऊन आणला, पुढं वर चढवून चेंबरला. धूर कमी झाला पण गेला नाही. शेवटी पाईप काढला तर त्या झोक्यात पेलाभर ऑइल बसलेलं, वाटीत ओतलं तरी बराच वेळ फेस मोडला नाही. मग वीतभर पाईप कापून टाकला.

मटेरियल: टर्बोजवळ लोखंडी नाहीतर तांब्याची कडक नळी, आन् खाली इंजिन हलतं म्हणून थोडा ऑइलचा होज. रेडिएटरचा साधा सिलिकॉन होज लावू नका, ऑइलनं फुगून नरम पडतो. हायड्रोलिकवाले दाबून देतात तो होज चालतो, पण साध्याला साधारण 100 अंशापर्यंतच झेपतं, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब ठेवा नाहीतर वरून हीट स्लीव्ह चढवा.

आणि हे सगळं बरोबर करूनबी धूर आला तर आधी इंजिनचं ब्रीदर (चेंबरमधली हवा बाहेर सोडायची नळी) बघा. ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवा, चालू इंजिनावर ते उडायलं तर रिंगा गेल्यात किंवा ब्रीदर चोक आहे. चेंबरमधीच हवा दाबून बसली की ती रिटर्नमधून वर ढकलते, मग पाईप कितीबी चांगला असो. जुन्या इंजिनवर टर्बो चढवणाऱ्यांना हे कामून कुणी सांगत नाही कुणास ठाऊक, रिंगा आधी बघायच्या असतात.

पहिल्यांदा चालू करण्याआधी टर्बोच्या वरच्या भोकात थोडं ऑइल ओता, शाफ्ट हातानं फिरवा, स्टॉपर ओढून सेल्फ मारा, रिटर्नचं खालचं टोक डब्यात धरून ठेवा. ऑइल यायला लागलं की जोडा आन् मग चालू करा. चेंबर ओतीव आहे का पत्र्याचं ते तुम्ही लिहिलं नाही. ओतीव असंल तर भोक पाडायच्या आधी टॅपेट कव्हरचा एक फोटो टाका, बहुतेक तिथंच काम होऊन जाईल.